खोक्यावर ‘3+’ लिहिलंय, पण आपल्या लेकराचं काय? स्पेशल मुलांची खेळणी, जरा सविस्तर

मागच्या महिन्यात परळला थेरपीच्या वेटिंगमध्ये बसले होते, लेक आत होती. शेजारी एक बाबा, त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा, नुकतंच ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालेलं. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "ताई, हे मागवू का हो?" बघितलं तर ‘ऑटिझम सेन्सरी किट’, एकवीस वस्तू, साडेसहा हजाराच्या आसपास. आत काय, तर बोटाने फुगे दाबायचं रबरी पॉप-इट, दाबायचे मऊ बॉल, बोटांत धरून गरगर फिरवायचा फिजेट स्पिनर, रंगीत स्प्रिंग, पाण्यात टाकले की फुगणारे मणी. यातल्या अर्ध्या वस्तू दादर स्टेशनबाहेर पन्नास-शंभराला मिळतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या चांगलं ओळखीचं होतं. उशीर होतोय, काहीतरी लगेच घ्यायला हवं, आपण लेकरासाठी कमी पडतोय. तेवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली आणि त्यामुळे स्नायूंवर नीट ताबा येत नाही. तिचा डावा हात जवळजवळ मुठीतच असतो, उजवा हात जातो पण हळू जातो. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही, नऊ वर्षं खेळणी घेतलीत, फुकट घालवलीत, काही घरी बनवलीत, आणि थेरपिस्टना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते सांगतेय.

आधी एक गोष्ट. ‘स्पेशल मूल’ असा काही एक प्रकार नसतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, आधीच्या 1995 च्या कायद्यात 7 च होते. ऐकू न येणारं मूल, कमी दिसणारं मूल, ऑटिझम असलेलं मूल, स्नायू कमजोर असलेलं मूल, या सगळ्यांना एकच किट कसं चालेल? ऑटिझम असलेली दोन मुलं शेजारी बसवली तरी एकाला जे आवडतं त्याने दुसरं रडायला लागतं.

खेळणं मुळात करतं काय

मुंबईतल्या कुठल्याही लहान पोराला लिफ्टमध्ये उचलून घ्या, ते पहिलं बटणाकडे झेपावतं. बटण दाबलं, लाइट लागला, दार बंद झालं. पुन्हा दाबायचं असतं त्याला. आई ओरडते, तरी दाबायचं असतं. कारण त्याला कळलेलं असतं की मी काहीतरी केलं म्हणून काहीतरी झालं. थेरपीवाले याला कॉज अँड इफेक्ट म्हणतात, आपण ‘केलं आणि झालं’ म्हणूया. खुळखुळा हलवला की वाजतो हे बाळाला सहा-सात महिन्यांत कळायला लागतं आणि मग ते दिवसातून शंभर वेळा तेच करून बघतं, वाटी खाली टाकतं, आपण उचलतो, पुन्हा टाकतं.

आता ज्या मुलाचा हात खुळखुळ्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतो पण बोटं उघडत नाहीत, त्याचं काय होतं? ते शंभर वेळा त्याच्या वाट्याला येतच नाहीत. दुसऱ्या मुलांना हा अनुभव रांगता रांगता आपोआप मिळतो, आपल्या मुलांना तो जमवून द्यावा लागतो. आणि बरेच महिने तो मिळालाच नाही की मूल प्रयत्न करणंच सोडून देतं, शांत पडून राहतं, आणि मग लोक म्हणतात किती गुणी आहे हो, अजिबात त्रास देत नाही. हे वाक्य मी फार ऐकलंय आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा आलाय.

म्हणून खेळणं बघताना माझा पहिला प्रश्न असतो की यात माझं मूल स्वतः काय करेल. ते किती रंगीत आहे, किती शिकवतं, हे सगळं नंतर. बटण आपणच दाबायचं आणि मुलाने नुसतं बघायचं असेल तर तो टीव्हीच झाला.

खोक्यावरचं वय कोणासाठी असतं

खोक्यावर 3+, 6+ असं लिहितात ते सर्वसाधारण वाढीच्या मुलाला धरून. आपल्यासाठी ते रेडिमेड कपड्याच्या साइजसारखं आहे, छातीला बसतं तर बाही लांब होते. तेव्हा शिंप्याकडे जाऊन वेगवेगळी मापं घेतो तसं करायचं. मी तीन मापं घेते, तोंडाचं, हाताचं आणि आवडीचं.

तोंडाचं माप म्हणजे मूल अजून वस्तू तोंडात घालतं का. हे माप सगळ्यात कडक ठेवा. तीन वर्षांखालच्या खेळण्यांत सुटे बारीक भाग चालत नाहीत, कारण त्या वयाची मुलं सगळं तोंडात घालतात. पण आपलं मूल सात वर्षांचं असून तोंडात घालत असेल तर त्याला तीन वर्षांखालचाच नियम लागू, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत सगळं तोंडात घालायची. खेळण्यांच्या तपासणीत 31.7 मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच रुंद नळी वापरतात, जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती गिळली जाण्याचा, घशात अडकण्याचा धोका. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी जास्तच रुंद असते, म्हणजे आपण जास्त सावध राहतो.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघा. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यांवर मार्क दिसला नाही तर लगेच घाबरू नका, पण ओल्या फडक्याने घासून रंग निघतो का, कडा टोचतात का, हे स्वतः बघा.

दोन वस्तू मात्र घरात आणताना दहा वेळा विचार करा. चपटे गोल बटण सेल, जे गाणाऱ्या आणि लाइट लागणाऱ्या स्वस्त खेळण्यांत असतात, ते गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घेऊ नका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबून बघत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. दुसरे ते पाण्यात फुगणारे मणी. सेन्सरी खेळ म्हणून सर्रास विकतात. पोटात गेले तर आत फुगतात, आतडं बंद होऊ शकतं, आणि बोलता न येणारं मूल आपल्याला सांगूही शकत नाही काय झालं ते. तसाच मऊ गुळगुळीत स्पर्श हवा असेल तर साबुदाणा भिजवा ना, परातीत द्या, शेजारी बसा. चार दाणे पोटात गेले तरी जीव टांगणीला लागत नाही.

हाताचं माप म्हणजे बोटं, मनगट, खांदा यातलं काय चालतं. आणि आवडीचं माप म्हणजे मुलाला काय आवडतं, त्याच्या वयाची मुलं काय खेळतात. हे तिसरं माप आपण फार विसरतो. माझ्या लेकीच्या हाताला दोन वर्षांच्या मुलाचं खेळणं जमतं, पण तिला नऊ वर्षांचं सगळं कळतं. तिच्यापुढे पिवळं बदक ठेवलं की ती तोंड फिरवते आणि अगदी बरोबर करते. तिला क्रिकेट कळतं, कोण आउट झालं ते कळतं. मग हाताला सोपं आणि मनाला नऊ वर्षांचं असं काहीतरी शोधावं लागतं, आणि ते दुकानात एका खोक्यात क्वचितच मिळतं.

पण ‘स्पेशल मुलांसाठी’ असं लिहिलेलं जास्त चांगलं नसतं का?

काही वेळा असतं. ब्रेलचे ठिपके असलेले पत्ते किंवा ठोकळे खरोखर विचार करून केलेले असतात. अंध मुलांचं बुद्धिबळ बघा, त्यात काळे चौकोन किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि सोंगटीला खाली खुंटी, म्हणजे हाताने चाचपताना पट विस्कटत नाही, आणि काळ्या सोंगट्यांना वेगळी खूण. असं काही दिसलं की मी पैसे द्यायला मागेपुढे बघत नाही.

पण बऱ्याच वेळा साध्या वस्तूवर नुसतं लेबल चिकटवलेलं असतं. आयएसआय मार्क सांगतो की खेळणं सुरक्षिततेच्या चाचणीतून गेलंय, ते एकाग्रता वाढवतं का, बोलायला लावतं का, याच्याशी त्या मार्कचा संबंध नाही. 2017 मध्ये फिजेट स्पिनरची केवढी लाट आली होती आठवतंय? एकाग्रता वाढवतो म्हणून विकला गेला, डॉक्टरांनी अभ्यास शोधले तर त्या दाव्याला धड आधार सापडला नाही. मुलाला आवडत असेल तर जरूर द्या, गंमत म्हणून द्या. औषध समजून देऊ नका.

आम्हीही एकदा एका सेंटरमधून चौदा हजारांचं किट घेतलं होतं. लेक तेव्हा तीन वर्षांची, आम्हाला सांगितलं की हे घेतलं नाही तर महत्त्वाची वर्षं निघून जातील. त्यातली एकही वस्तू तिच्या हाताला जमत नव्हती. ते किट दोन वर्षं कपाटावर होतं आणि दर वेळी नजर गेली की मला रडू यायचं. कुठल्याही आईबापाला घाबरवून काही विकू नये असं मला मनापासून वाटतं.

सेन्सरी म्हणजे नक्की काय भानगड आहे

हा शब्द सगळीकडे ऐकू येतो म्हणून एकदा नीट समजून घेऊ. पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकलो. त्याशिवाय आणखी दोन जाणिवा असतात. एक तोलाची, ती कानाच्या आतल्या भागातून येते, झोपाळ्यावर बसलं की पोटात जे होतं ती. दुसरी सांध्यांची आणि स्नायूंची, म्हणजे डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं ती.

आता मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगमधलं पाणी डोळ्यांसमोर आणा. टाकी एकच, पण तळमजल्यावर नळ उघडला की धो धो अंगावर येतं आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. मुलांचंही असंच असतं. मिक्सरचा आवाज सगळ्यांच्या कानावर तेवढाच पडतो, पण एखाद्या मुलाच्या डोक्यात तो धो धो शिरतो आणि ते कान झाकून ओरडतं. दुसऱ्या मुलाला तोलाची आणि स्नायूंची जाणीव करंगळीएवढ्या धारेने मिळते, मग ते बादली भरायला धडपडतं, गोल गोल फिरतं, सोफ्यावरून उड्या मारतं, भिंतीला अंग घासतं. एकाच मुलात एक नळ जोरात आणि दुसरा बारीक असंही असतं.

हे समजलं की खेळणं निवडणं खूप सोपं होतं. ज्याला आवाज जास्त होतो त्याला गाणारं खेळणं आणू नका, कोणी आणलंच तर स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टी लावा, आवाज निम्मा होतो. जे मूल उड्या मारतं, धडकतं, त्याला जोर लावायची कामं द्या, कणीक तिंबणं, पाच किलो तांदळाची पिशवी या खोलीतून त्या खोलीत ओढत नेणं, ओले कपडे पिळणं, गादीच्या गुंडाळीत लपेटून घेणं, तोंड मात्र बाहेर हवं. हे खेळच आहेत आणि वन रूम किचनमध्ये होतात. जुन्या घरात कड्या असतील तर झोपाळा लावा, पण कडी स्लॅबमध्ये पक्की आहे का हे माहितगार माणसाकडून बघून घ्या. वजनदार ब्लँकेट वगैरे थेरपिस्टला विचारल्याशिवाय नको, आणि जे मूल स्वतःहून ते अंगावरून काढू शकत नाही त्याला तर नाहीच.

या सगळ्याला मोठं शास्त्रीय पाठबळ आहे असं मी म्हणणार नाही, सेन्सरी उपायांबद्दल तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. पण मूल कशाने शांत होतं आणि कशाने बिथरतं हे बघायला कोणाची परवानगी लागत नाही, आठ दिवस वहीत लिहून ठेवा, चित्र स्पष्ट होतं.

लॅमिंग्टन रोडवरची खरेदी

हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक याने पडला आणि आम्हाला हे सहा वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

सेलवर चालणारी खेळणी असतात ना, भुंकणारा कुत्रा, चालणारी ट्रेन, बुडबुडे सोडणारी बंदूक. सगळ्यांचं बटण एवढुसं, आणि नेमकं पोटाखाली. माझ्या लेकीला ते या जन्मात दाबता येणार नाही. पण आजीला रात्री उठावं लागू नये म्हणून आपण लाइटचं बटण तिच्या पलंगाशेजारी घेतो की नाही? अगदी तेच खेळण्याला करता येतं.

एक छोटी चकती लागते, दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ पत्रा आणि मधे प्लास्टिक. ती सेल आणि खेळण्यातल्या पत्र्याच्या मधे सरकवायची, त्यामुळे करंट तिथे तुटतो. दोन्ही पत्र्यांना एकेक बारीक वायर जोडून बाहेर काढायची आणि तिच्या टोकाला 3.5 एमएमचं सॉकेट लावायचं, आपल्या जुन्या इयरफोनची पिन जात असे तेच. मग एक मोठं बटण घ्यायचं, व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतं तसलं तळहाताएवढं, त्याला पिन जोडायची आणि सॉकेटमध्ये खोचायची. खेळण्याचं स्वतःचं बटण कायम ऑन. आता खेळणं तेव्हाच चालणार जेव्हा मूल आपलं मोठं बटण दाबेल. याला स्विच टॉय म्हणतात, परदेशातून तयार मागवलं तर किंमत ऐकून आपण गप्प बसतो. मी वायर, सॉकेट, पिन, बटण सगळं लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेतलं, तीनशेच्या आत पडलं, आणि सोल्डरिंग आमच्या गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी करून दिलं. कशासाठी हवंय हे ऐकल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत.

बटण हातानेच दाबलं पाहिजे असं काही नाही. कोपर, गुडघा, गाल, डोक्याची बाजू, मुलाचा जो अवयव त्याचं सगळ्यात जास्त ऐकतो तिथे ते बांधायचं. आमच्याकडे उजवं कोपर.

कुठलं खेळणं चालतं ते बघून घ्या. ज्याचं बटण सरकवून ऑन केलं की ते चालूच राहतं, ते चालतं. एकदा दाबलं की एक गाणं म्हणून थांबणारी, किंवा आत चिप असलेली बोलकी खेळणी बहुतेक वेळा चालत नाहीत, कारण करंट तुटला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊन वाट बघत बसतात. आणि हे फक्त साध्या पेन्सिल सेलच्या खेळण्याला करायचं. चार्जिंगच्या बॅटरीला नाही, प्लगमध्ये लावायच्या वस्तूला तर कधीच नाही.

पहिल्या दिवशी कुत्रा समोर ठेवला, बटण कोपराखाली. मी म्हटलं दाब. काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. मग थेरपिस्टचं आठवलं की एकदाच सांगायचं आणि थांबायचं, आपल्या मुलांना ऐकून शरीर हलवायला जास्त वेळ लागतो, आपण मधे मधे बोललो की त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागते. गप्प बसले. मनात चाळीसपर्यंत आकडे मोजले. कोपर हललं, कुत्रा भुंकला, आणि लेक एवढी मोठ्याने हसली की तिची आजी स्वयंपाकघरातून पळत आली. त्या संध्याकाळी कुत्र्याचे सेल संपले.

बाकी छोट्या छोट्या युक्त्या

वस्तू सरकते? खाली कपाटात अंथरायची रबराची जाळीदार मॅट. हाताच्या टप्प्याबाहेर घरंगळते? परातीत खेळा, काठ अडवतो. लोहचुंबकाचे ठोकळे वापरायचे असतील तर आधी फ्रिजवरचं मॅग्नेट परातीला लावून बघा, सगळ्या स्टीलला ते चिकटत नाही. खडू, ब्रश पकडता येत नाही तर एसीच्या पाइपवर असतं ते काळं फोम हार्डवेअरच्या दुकानातून तुकडाभर आणा आणि ब्रशवर चढवा. पझलच्या तुकड्यांना बाटलीची झाकणं चिकटवली की पकडायला मूठ मिळते. कमी दिसणाऱ्या मुलासाठी काळ्या कापडावर पिवळ्या वस्तू, आणि कापडी बॉलच्या आत घुंगरू शिवून टाका, चेंडू कुठे गेला ते ऐकू येतं. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला थरथरणारं, लाइट लागणारं. सगळी खेळणी एकदम बाहेर काढू नका, पाच-सहा ठेवा आणि बाकीची माळ्यावर, महिन्याने बदला, तीच खेळणी नवी होतात.

"दिवसभर गाडीचं चाकच फिरवत बसतो, काढून घेऊ का?"

ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया हे फार विचारतात. काढून घेतलं की काय होतं ते त्यांनाही माहीत असतं, तासभर आकांत. मला आमच्या थेरपिस्टनी सांगितलेलं पटलं, की आधी त्याच्या शेजारी बसून आपणही एक चाक फिरवायचं. काही बोलायचं नाही. दोन-तीन दिवसांनी तो आपल्या चाकाकडे बघतो. मग आपलं चाक थांबवायचं, त्याने आपला हात धरून ‘फिरव’ असं सुचवलं की तो संवाद झाला, शब्द नसले तरी. मग चाकाच्या जागी भोवरा, भिंगरी, वाटीचं झाकण. स्वतःला मारून घेत असेल, इजा होत असेल, तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा लगेच तज्ज्ञाकडे जा.

वेटिंगमधल्या एका मैत्रिणीच्या मुलाला फक्त लोकलचं वेड. दुसऱ्या कशाला हात लावत नाही. तिने हार्बर लाइनच्या स्टेशनांची कार्डं केली, जुन्या लग्नपत्रिका कापून. आधी तो नुसती रांगेत लावायचा, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन. मग तिने एक दिवस शिवडीचं कार्ड लपवलं. पोराने सगळं घर शोधलं आणि शेवटी आईकडे येऊन म्हणाला, "शिवडी दे." त्याने स्वतःहून काहीतरी मागितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"मोबाइलवर तर छान खेळतो, त्यातून शिकतोही"

मोबाइलमध्ये बोट कुठेही लागलं तरी काहीतरी चमकतं, त्यामुळे मूल रमतं हे खरं. पण वस्तूचं वजन, तिचा खडबडीतपणा, ती पडल्यावरचा आवाज, समोरच्या माणसाचा चेहरा, यातलं काही तिथे नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं, एक वर्षाखाली अजिबात नको.

एक अपवाद मात्र आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारणारी ॲप्स असतात, ‘आवाज’ नावाचं एक तर आपल्या देशातच, चेन्नईत तयार झालंय. तो टॅब म्हणजे त्या मुलाचा गळा आहे. शिक्षा म्हणून तो काढून घ्यायचा नाही, स्क्रीन टाइम म्हणून मोजायचा नाही.

"खेळून काय होणार, थेरपी वाढवा"

हे घरातली मोठी माणसंच म्हणतात, काळजीपोटी म्हणतात. पण थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास भेटते, बाकी सगळा आठवडा मूल आपल्यापाशी असतं. आणि लहान मुलांच्या थेरपीत आत जाऊन बघा, ते खेळतच असतात.

त्याहून मोठं कारण मला वेगळंच वाटतं. आमच्या घरात एक काळ असा आला की लेकीच्या हातात जे काही द्यायचो ते व्यायाम म्हणून. बॉल दिला तर पकड सुधारायला, मणी दिले तर बोटं सुटायला. तिला ते कळायला लागलं, मी खेळणं घेऊन आले की ती मान फिरवायची. मुलांच्या हक्कांचा 1989 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने 1992 मध्ये तो मान्य केला, त्याच्या 31 व्या कलमात खेळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क म्हटलाय. सुधारणा व्हावी म्हणून खेळ, अशी अट तिथे नाहीये. आता आम्ही दिवसातला एक तास असा ठेवलाय की त्यात काहीही शिकवायचं नाही.

विचारायचं कोणाला

खेळण्याबद्दल विचारायला योग्य माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हात, डोळे, बसणं, रोजची कामं, खेळ हे सगळं त्या बघतात. या विषयाचं शिक्षण भारतात सुरू झालं तेच मुंबईत, 1950 साली परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये, कमला निंबकरांनी सुरू केलं. आजही केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, गर्दी असते पण अनुभवी माणसं असतात. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे. जाताना मुलाचं आवडतं आणि नावडतं असं एकेक खेळणं बरोबर न्या, आणि घरात खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. नवीन जागी मुलं बावरतात आणि घरी जे करतात ते दाखवत नाहीत.

निदान अजून झालेलं नसेल तरी खेळायचं थांबवू नका, परातीतला साबुदाणा कुठला रिपोर्ट मागत नाही.

वाढदिवसाला आत्या-मामा विचारतात काय आणू

पूर्वी मी "काही नको हो" म्हणायचे आणि मग गाणाऱ्या बाहुल्या यायच्या. आता सरळ मेसेज पाठवते, तुम्हीही तुमचा बनवा. आमचा असा आहे: "सेलवर चालणारं चालेल, सरकवायचं ऑन-ऑफ बटण हवं, पेन्सिल सेलचं, बारीक सुटे भाग नकोत, बाहुली नको, क्रिकेटशी संबंधित काही मिळालं तर फारच छान, आणि येताना तासभर वेळ काढून या, तिच्याबरोबर खेळायला." कोणालाही राग आलेला नाही. उलट मामा म्हणाला की इतकी वर्षं काय आणायचं हेच कळत नव्हतं म्हणून मी पाकीट द्यायचो.

"पण बाकीची मुलं तिला खेळायला घेतच नाहीत"

याचं उत्तर मला बरीच वर्षं सापडलं नव्हतं. गॅलरीत खुर्ची टाकून ती खाली खेळणाऱ्या मुलांकडे बघायची, मी आत भांडी घासताना तिच्या पाठीकडे बघायचे. मुलं वाईट नव्हती. तिच्याबरोबर काय खेळायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि ‘हिला पण घ्या रे’ असं सांगून घेतलेलं मूल कोपऱ्यातच उभं राहतं.

मागच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत संगीत खुर्ची होती. मी टीव्हीवाल्या काकांकडून सेलवरच्या छोट्या जुन्या रेडिओला तीच चकती लावून घेतली आणि मंडळाच्या पोरांना विचारलं की गाणं चालू-बंद करायचं काम हिला द्याल का. ती बटण कोपराने दाबून धरणार, गाणं चालू राहणार, सोडलं की बंद. कधी सोडेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे खेळ असा रंगला की मोठ्या बायकाही नाव द्यायला लागल्या. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या मजल्यावरचा दहा वर्षांचा मुलगा आउट झाला. तो तरातरा तिच्या खुर्चीपाशी आला आणि तिच्या तोंडावर ओरडला, "तू मुद्दाम थांबवलंस! मी बघितलं तू माझ्याकडे बघत होतीस!"

ती त्याच्याकडे बघून हसली, आणि पुन्हा बटण दाबलं.